"रॅम बदलली" म्हणणाऱ्या एक स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. रिपेअरला दिलेल्या पीसीसाठी तुम्हाला तीन दिवस थांबावं लागलं, मधे फोन केला तर लागला नाही, त्याचा त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. पण तुम्ही पुढे जे लिहिलंय, "माझी ३२०० ची रॅम काढून घेतली आणि २४०० ची जुनी टाकून दिली, १६ जीबी पण पूर्ण दाखवत नाही, नाशिककरांनो या चोरांपासून सावध रहा", ते वाचून डोळ्याला डोळा लागला नाही. चार्ज जास्त वाटला म्हणा, दुकानातला मुलगा नीट बोलला नाही म्हणा, ऐकून घेऊ. पण चोर म्हणालात, आणि ते सगळ्यांना दिसतंय, म्हणून उत्तर पण सगळ्यांसमोरच आणि सविस्तर देतोय.

तुमची रॅम बदललेली नाही. तीच आहे, दोन्ही स्टिक, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या, तुमच्याच आहेत.

आता रॅमचा स्पीड ३२०० ऐवजी २४०० का दिसतो ते सांगतो, प्लीज शेवटपर्यंत वाचा. तुमचा पीसी तुम्ही घरी स्वतः असेंबल केलेला, रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एक ८ जीबीची स्टिक आमच्याकडून घेतलेली आणि दुसरी ८ जीबीची तुम्ही नंतर ऑनलाइन मागवून लावली. कंप्लेंट अशी की कधी पंखे फिरतात, लाईट लागतात पण डिस्प्ले येत नाही, कधी चालू झाला तर गेम खेळताना निळी स्क्रीन येते आणि त्यावर मेमरी मॅनेजमेंट लिहून येतं. जॉब कार्डवर हे सगळं लिहिलेलं आहे, तुमच्याच शब्दात.

आम्ही कॅबिनेट उघडलं तेव्हा दोन्ही स्टिक प्रोसेसरच्या बाजूने पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमधे शेजारी शेजारी होत्या. हे खूप जण करतात, कारण दिसायला तेच बरोबर वाटतं. पण चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिक असतील तर त्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमधे लावायच्या असतात, बोर्डवर बारीक अक्षरात ए२ बी२ छापलेलं असतं. शेजारी लावल्या की दोन्ही एकाच चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच रस्त्यावर जातात. आम्ही एकेक स्टिक काढून वेगवेगळी टेस्ट केली, काँटॅक्ट लिक्विडने साफ केले (खोडरबर घासत नाही आम्ही, बरेच ठिकाणी घासतात), मग दोन्ही लावून रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) लावली. ३२०० वर एरर आले, स्क्रीनवर लाल ओळींची रांग लागली होती. एकेकटी स्टिक ३२०० वर पास होते, दोन्ही मिळून होत नाहीत. कारण एक स्टिक सीएल१६ ची आहे आणि ऑनलाइनवाली सीएल१८ ची (सीएल म्हणजे रॅम डेटा द्यायला किती वेळ लावते तो आकडा), कंपनी वेगळी, आतल्या चिप वेगळ्या. दोन्हीवर ३२०० लिहिलंय म्हणून त्या एकमेकींबरोबर चालतीलच असं नसतं. रॅम घेताना दोन स्टिकचं एकच किट घ्या असं आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो ते याच्यासाठी, आमचा माल खपावा म्हणून नाही.

मग आम्ही बायोस, म्हणजे बोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर, अपडेट केला. बायोस अपडेट केला की बोर्डवरच्या सगळ्या सेटिंग पुसल्या जातात आणि एक्सएमपी बंद होतं. इथेच सगळा घोटाळा झालाय सर. तुमच्या रॅमच्या स्टिकरवर जे ३२०० छापलेलं आहे तो स्पीड आपोआप मिळत नाही, तो एक्सएमपी नावाची सेटिंग चालू केल्यावर मिळतो, आणि तेव्हा रॅमला १.२ च्या ऐवजी १.३५ व्होल्ट दिले जातात. सेटिंग बंद असेल तर तीच रॅम तिच्या बेसिक स्पीडवर चालते, कोणाची २१३३, कोणाची २४००, कोणाची २६६६. तुमची २४००. तुम्ही विंडोजच्या टास्क मॅनेजरमधे बघितलं ते हेच. आणि ते आम्ही मुद्दाम बंद ठेवलंय, कारण चालू केलं की परत तुमची निळी स्क्रीन. २४०० वर रात्रभर टेस्ट चालली, एक पण एरर नाही, त्याच्यानंतरच पीसी दिला.

आणि खरं सांगायचं तर तुमचा पीसी आधीपेक्षा जास्त वेगाने चालतोय. आधी ३२०० वर सिंगल चॅनेल होता, म्हणजे सेकंदाला २५.६ जीबी. आता २४०० आहे पण स्लॉट बदलल्यामुळे ड्युअल चॅनेल झाला, म्हणजे ३८.४ जीबी. एका मोठ्या नळाऐवजी दोन मध्यम नळ सोडले तर बादली आधी भरणारच ना. ५६००जी मधे ग्राफिक्स हे प्रोसेसरच्या आतच आहे, ते हीच रॅम वापरतं, त्यामुळे तुमच्यासारख्या पीसीला ड्युअल चॅनेलचा फरक सगळ्यात जास्त पडतो. तुम्ही एकदा गेम लावून एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम येतात ते) बघायचे होते ना, नुसता एक आकडा बघून डायरेक्ट चोर?

१६ जीबी पूर्ण दाखवत नाही म्हणालात, १३.९ दाखवतं. त्यातली २ जीबी आत असलेल्या ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली आहे, तुम्ही गेम खेळता म्हणून बायोसमधे आम्हीच सेट केली. रॅम कुठे गेलेली नाही, टास्क मॅनेजरमधे खाली हार्डवेअर रिझर्व्ह्ड लिहिलेलं असतं तिथे बघा.

तरी पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. सीपीयू-झेड नावाचं फ्री सॉफ्टवेअर आहे ते टाका. मेमरी टॅबमधे १२०० दिसेल, त्याने घाबरू नका, डीडीआर म्हणजे डबल असतं, १२०० दुणे २४००. मग एसपीडी टॅब उघडा, वर स्लॉट निवडायचा, दुसरा आणि चौथा. तिथे कंपनीचं नाव, पार्ट नंबर येईल आणि खाली टेबलात एका कॉलमवर एक्सएमपी-३२०० लिहिलेलं दिसेल, १६०० मेगाहर्ट्झ, १.३५ व्होल्ट. रॅम खरंच २४०० ची असती तर हा कॉलम आलाच नसता, कारण ही माहिती स्टिकवरच्या छोट्या चिपमधे कंपनीतूनच भरलेली असते. हवं तर कॅबिनेटची काच काढा, दुसऱ्या स्लॉटमधल्या स्टिकवर आमचं पांढरं वॉरंटी स्टिकर आहे, महिन्यावर निळ्या पेनाने टिक केलेली, एक कोपरा थोडा उचकटलेला. त्याच्या बाजूचा सिरीयल नंबर आणि तुमच्या जुन्या बिलावरचा सिरीयल नंबर जुळवून बघा. आमच्याकडे मशीन आलं की उघडायच्या आधी आतले फोटो काढतो, तुमचे पण आहेत, दोन्ही स्टिकचे नंबर वाचता येतात.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली ती सांगतो. पीसी घ्यायला तुम्ही नव्हता आलात, तुमचे वडील आले होते. काका एवढं ऊन असताना सिडकोवरून रिक्षाने आले, इकडे शरणपूर रोडला रस्त्याचं काम चालू, पार्किंग नाही, म्हणून त्यांना आत बसवून पाणी दिलं, चहा दिला आणि पीसी चालू करून दाखवला. त्यांना सांगितलं की काका, रॅमचा स्पीड कमी ठेवलाय, दोन वेगळ्या कंपनीच्या आहेत म्हणून, मुलाला सांगा आणि काही वाटलं तर फोन करायला सांगा. जॉब कार्डवर पण लिहिलं, "एक्सएमपी ऑफ, मिक्स रॅम, ३२०० वर एरर". ते कार्ड काकांनी घडी करून खिशात ठेवलं. त्यांच्याकडून सांगायचं राहिलं असेल, त्यांच्यावर माझा काही राग नाही, वयाने मोठे आहेत, आणि एक्सएमपी वगैरे त्यांना का माहीत असावं. पण तुम्ही शिकलेले आहात, स्वतः पीसी जोडलाय, तुमच्याकडे माझा नंबर आहे. रात्री पावणेबाराला रिव्ह्यू टाकण्याच्या आधी एक व्हॉट्सॲप केला असता तर मी तेव्हाच स्क्रीनशॉट मागून दोन मिनिटात दाखवून दिलं असतं.

आणि रॅमचे भाव आता काय झालेत ते तुम्हाला माहितीच आहे. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरला मेमरी जायला लागली तसे घरगुती रॅमचे भाव चढत गेले, डीडीआर४ (तुमची आहे ती रॅम) बनवणं पण कंपन्या कमी करत आणतायत, डिसेंबर २०२५ मधे तर मायक्रॉन या मेमरी कंपनीने क्रूशियल ब्रँडचा रिटेल धंदा बंद करतोय म्हणून जाहीर केलं. सकाळी दिलेलं कोटेशन संध्याकाळी बदलावं लागतं आणि गिऱ्हाईक म्हणतं तुम्ही लुटता. अशा वेळेला "दुकानदाराने रॅम काढून घेतली" असं कोणी लिहिलं की वाचणाऱ्याला लगेच खरं वाटतं. के. के. वाघ, संदीप या कॉलेजांची मुलं ॲडमिशन झाल्यावर पीसी बनवायला येतात, त्यांचे आईवडील आधी रिव्ह्यू बघतात मग दुकानात पाय ठेवतात. माझं भाडं, दुकानातल्या मुलाचा पगार, घर, सगळं ॲडमिशनच्या त्या दोन महिन्यांवर असतं. हे तुम्हाला दम देण्यासाठी नाही लिहीत, पण माहीत असावं.

बाकीच्या मुद्द्यांचं थोडक्यात. आठशे रुपये चार्ज पीसी ठेवून घेतानाच सांगितला होता, काउंटरच्या मागे लिहिलेला पण आहे, त्यात बायोस, टेस्टिंग, साफसफाई, नवीन थर्मल पेस्ट सगळं आलं. "एसएमपीएस गळ्यात मारत होते" म्हणालात (एसएमपीएस म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय), तर आता तुमच्या पीसीला नवीन एसएमपीएस लागत नाही हे मीच सांगितलं होतं, ५६००जी ६५ वॅटचा प्रोसेसर आहे, चालतोय. फक्त उद्या तुम्ही म्हणत होता तसं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड टाकलं, जे एकटंच १७० वॅट खातं, तर कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या, नुसतं ४५० वॅट छापलेल्या एसएमपीएसवर टाकू नका, तेव्हा ८० प्लस ब्राँझ सर्टिफिकेटवाला चांगला घ्या. माझ्याकडून घ्या असं म्हणालोच नव्हतो, कुठूनही घ्या. आणि ऑनलाइन घेतलेला पार्ट आम्ही बघत नाही असं आमचा मुलगा बोलला, तर त्याला म्हणायचं होतं की त्याची वॉरंटी आम्ही क्लेम करून देऊ शकत नाही, ती तुम्हाला तुमच्या ऑनलाइन बिलावरच करावी लागेल. टेस्ट आम्ही केलीच ना.

फोनचं काहीतरी बघतोय, आणि इथून पुढे सेटिंग बदलली असेल तर नुसतं कार्डवर न लिहिता मालकाला व्हॉट्सॲप पण करत जाऊ.

तुम्हाला ३२०० च पाहिजे असेल तर दोन रस्ते आहेत. एक, ऑनलाइनवाली स्टिक रिटर्न होत असेल तर करा आणि आमच्या स्टिकच्या जोडीची सीएल१६ घ्या, मी मिळते का बघतो, आजच्या भावानेच मिळेल पण टेस्ट करून देईन. दोन, पीसी घेऊन या, २६६६ किंवा २९३३ वर हाताने सेट करून बघू, तिथे एरर नाही आले तर ठेवू, याचा चार्ज घेणार नाही. घरी स्वतः करायचं असेल तर चालू करताना डिलीट बटण दाबत रहा, बायोसमधे गिगाबाइटला एक्सएमपी, एमएसआयला ए-एक्सएमपी, आसुसला डीओसीपी नावाने असतं, पण ते डायरेक्ट ३२०० करेल आणि निळी स्क्रीन परत येईल, मग मला बोलू नका.

रविवार सोडून सकाळी साडेदहा ते रात्री आठ दुकान चालू असतं. काकांना नका पाठवू, तुम्ही स्वतः या, फोटो आणि टेस्टचा रिपोर्ट समोर ठेवतो. स्टार एकच ठेवायचा तर ठेवा. सीपीयू-झेडमधे बघितल्यावर खात्री पटली तर तो चोर शब्द तेवढा काढा, एवढीच रिक्वेस्ट आहे.