यजमान, चिप बोलत नाहीये

रविवारी सकाळी गाडी पार्किंगमधून काढून गेटपर्यंत आणली, वॉचमन चहाला गेलेला म्हणून बंद करून उतरलो, गेट उघडलं, परत येऊन चावी फिरवली. सेल्फ झकास फिरतोय, घर्रघर्रघर्र, पण इंजिन काही पकडेना. आणि मीटरमध्ये गाडी आणि चावीचं चित्र असलेला लाल दिवा टकाटका लुकलुकतोय. म्हणजे इमोबिलायझर, चावी ओळखीची वाटली नाही तर इंजिन चालूच होऊ न देणारी यंत्रणा. म्हणजे जिचे हप्ते अजून माझ्या खात्यातून जातात त्या गाडीच्या मते मी चोर.

तेवढ्यात मागे अ‍ॅक्टिव्हा येऊन थांबली. त्यावर गुरुजी, खांद्यावर उपरणं, पायाशी पूजेची पिशवी, डोक्यावर अर्थातच हेल्मेट नाही. आमच्या दुसऱ्या मजल्यावरचा सत्यनारायण उरकून पुढच्या वास्तुशांतीला निघालेले. मला वाटलं आता मुहूर्ताची टकळी सुरू होणार. तर खाली उतरले, काचेतून आत वाकले, दिवा बघितला आणि म्हणाले, "यजमान, चिप बोलत नाहीये."

"काय?"

"चावीच्या डोक्यात चिप असते. तिला सेल नसतो. इग्निशनभोवती कॉईलची रिंग असते ती तिला जागं करते, मग चिप आपला नंबर सांगते, नंबर जुळला तर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजेक्टरमधून इंधन सोडतो. नाही जुळला तर बसा सेल्फ मारत."

कळलं ते असं की गुरुजी एका शोरूमला वाहनपूजन करतात, दसऱ्याला तर रांगच लागते, आणि नारळ फुटायच्या आधी सेल्समन प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सगळं म्हणून दाखवतो. ऐकून ऐकून पाठ.

"किचेन सोडवा आधी. शेजारी दुसरी चिपवाली चावी असली की दोघी एकदम बोलतात." बायकोच्या गाडीची चावी काढली. पितळेचा गणपती काढला, तो त्यांनी ओंजळीत घेऊन कपाळाला लावला आणि म्हणाले, "बाप्पांना दोष नाही, पण कॉईलला धातू चालत नाही." फरक शून्य. "मग चावी ऑन करून दहा मिनिटं स्वस्थ बसा. काही गाड्या एकदा चिडल्या की तेवढा वेळ कोणाशी बोलत नाहीत."

बसलो. करणार काय. खिडकीशी गुरुजी.

"गोत्र?"

"माहीत नाही."

"मग काश्यप. डिलिव्हरी कधी घेतलीत?"

"अमावास्येला. डिस्काउंट होता."

गुरुजींनी लाल दिव्याकडे असं बघितलं की त्याचीच बाजू बरोबर आहे.

मग म्हणाले दुसरी चावी आणा, ती चालली तर हिची चिप गेली, तीही नाही चालली तर कॉईल किंवा ईसीएम. हे शंभर टक्के बरोबर होतं आणि म्हणूनच मला जास्त राग आला, कारण दुसरी चावी बँकेच्या लॉकरमध्ये आहे. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते ना, म्हणून नीट जपून ठेवलेली. आणि रविवार.

एवढ्यात वॉचमन आला, गाडी न्यूट्रलला टाकून आम्ही बाजूला ढकलली. ढकलून चालू होईल का असं त्याने विचारलं, गुरुजी म्हणाले, "इंजेक्टरच बंद आहेत रे बाबा." गेट मोकळं झालं. गुरुजी जाईनात. "मुहूर्त साडेअकराचा आहे, तुम्ही हेल्पलाइनला लावा."

हेल्पलाइनवरची मुलगी, "सर, क्या आप ही गाड़ी के ओनर हैं?" आरसी पाठवा, आधार पाठवा, नंबर प्लेटसोबत फोटो पाठवा. मागून गुरुजी, "मी साक्षीदार आहे म्हणावं!" सर्व्हिस सेंटरवाल्याने तर गाडी न बघताच ईसीएम आणि नवा चावी सेट सांगितला, आणि आकडा असा की त्यात गुरुजींची अ‍ॅक्टिव्हा आली असती, वर वर्षभराचं पेट्रोल.

आता मला सांगा, हे सगळं कोणासाठी? युरोपात 1998 पासून प्रत्येक नव्या कारला इमोबिलायझर सक्तीचा आहे, बरं, जुने तारा जोडून गाडी पळवणारे चोर कमी झाले असतील, मान्य. पण आताचा चोर डॅशबोर्डखालच्या पोर्टला यंत्र लावून स्वतःची नवी चावी बनवून घेतो, त्याला आधार कोण मागतं? आणि नो पार्किंगमधून उचलून नेणारी टोइंगवाली पोरं, त्यांना कधी कुठली चिप आडवी आली? विम्यात सूट मिळते म्हणाल तर ती एआरएआयने, म्हणजे पुण्यातल्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेने, मान्य केलेलं उपकरण असेल तर, प्रीमियमच्या एका भागावर अडीच टक्के आणि जास्तीत जास्त 500 रुपये. एआरएआयची टेकडी आमच्या गच्चीतून दिसते, तिकडे बघून दोन शब्द बोललो.

बाराच्या सुमारास, म्हणजे गुरुजी नाइलाजाने निघून गेल्यावर, हेल्पलाइनचा पोरगा आला. स्कॅनर लावला, मग स्टेअरिंगखालचं कव्हर उघडलं, कॉईलचं कपलर, म्हणजे वायरचा प्लग, अर्धवट बसलेलं होतं, अंगठ्याने दाबलं, टक्. गाडी एका सेल्फला चालू.

"साहेब, आधी कोणी उघडलं होतं का हे?"

उघडलं होतं. त्याच सर्व्हिस सेंटरने, गेल्या महिन्यात, हॉर्नच्या तक्रारीसाठी. फोन केला तर म्हणे आमच्याकडून असं होत नाही सर.

पोराने मोबाइलवर फॉर्म भरून सहीसाठी पुढे केला. तक्रारीच्या रकान्यात लिहिलेलं, 'ग्राहकाला गाडी चालू करता येत नव्हती.' म्हटलं हे बदल, कपलर सैल होतं असं लिही. तो म्हणाला, साहेब, त्यात तेवढाच ऑप्शन आहे.