विहिरीत पावडर टाकण्याआधी हे वाचा

‘टीसीएल विसरा! हेटरोजंक्शन नॅनो पावडर आली. अर्धा किलो विहिरीत टाका, साध्या उजेडात पाणी शुद्ध. क्षारही गायब. त्याच पाण्यातून हायड्रोजन काढून शेगडी पेटवा.’ हा मेसेज सध्या पलूस-तासगावकडच्या ग्रुपांवर फिरतोय. टीसीएल म्हणजे विहिरीत टाकतात ती क्लोरीनवाली ब्लीचिंग पावडर. माझ्या आत्यानं पाकीट मागवलंसुद्धा. काल फोनवर विचारते, "टाकू का रे? टीसीएलचा वास नको झालाय." आता मात्र गप्प बसवेना.

जे खरं आहे ते नाइलाजानं मान्य करतो. हेटरोजंक्शन, म्हणजे दोन वेगळ्या अर्धवाहकांचा (सेमीकंडक्टरचा) जोड, ही थाप नाही. उजेडात पाणी शुद्ध करायला नेहमी वापरतात त्या टायटॅनियम डायऑक्साइडला उन्हातला फक्त अतिनील भाग चालतो, तो जेमतेम ४-५ टक्के. म्हणून दृश्य प्रकाश शोषणारा दुसरा अर्धवाहक, उदाहरणार्थ ग्राफायटिक कार्बन नायट्राइड, त्याला जोडतात. उजेड पडला की इलेक्ट्रॉन एकीकडे जातात, त्यांच्या मागे राहिलेल्या रिकाम्या जागा, म्हणजे होल, दुसरीकडे. ते लगेच परत एकत्र येऊन वाया जात नाहीत, पाण्यातल्या घाणीवर काम करतात. आपल्या शिवाजी विद्यापीठातही फोटोकॅटॅलिसिसवर, म्हणजे उजेडावर चालणाऱ्या अशा उत्प्रेरकांवर, संशोधन होतं. पण प्रयोगशाळेत पावडर काचेच्या भांड्यात ढवळत ठेवतात आणि वर दिवा असतो.

आणि आत्याची विहीर? चाळीस फूट खोल, काठावर जांभळाचं झाड, पावसाळ्यात पाणी चहासारखं. ऊन आत पोचतं ते दुपारचं थोडा वेळ, तेही वरच्या थरापुरतं. पावडर जाऊन बसणार तळाच्या गाळात. तिथं उजेडच नाही, मग जंक्शन कुठलंही असो, काम शून्य. बरं, वरच्या थरात थोडं काही झालंच असं धरू. तिथं तयार होणारे, घाण मोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात संपतात. रात्री काय? पाइपात, टाकीत, हंड्यात काय? काही उरत नाही. क्लोरीन उरतो, म्हणून तर तो घालतात! ग्रामपंचायतीचा पाणीवाला नळाच्या पाण्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या तपासणी-द्रावणाचे) थेंब टाकून पिवळा रंग बघतो, तो या उरलेल्या क्लोरीनचाच. आयएस १०५०० या भारतीय मानकात तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा असं म्हटलंय. वास त्याचाच येतो. गॅस्ट्रोची साथ बघितलेल्या गावाला विचारा, वास परवडतो की नाही.

आणि पाकिटात आहे तरी काय? पिवळी पावडर. पिवळी म्हणजे निळा प्रकाश शोषते, इथवर ठीक. पण कार्बन नायट्राइड पिवळं, बिस्मथ व्हॅनाडेट पिवळं आणि कॅडमियम सल्फाइडही पिवळंच. पाकिटावर पदार्थाचं नाव नाही, नुसतं ‘शंभर टक्के नॅचरल’. कॅडमियम सल्फाइड उजेडात स्वतःच झिजतं आणि कॅडमियम पाण्यात उतरतं. त्याच मानकात कॅडमियमची मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम आहे. पदार्थ कोणता हे कळेपर्यंत ते पाकीट विहिरीच्या कठड्यापाशीही नेऊ नका.

मेसेजसोबतच्या व्हिडिओत निळं पाणी नितळ होतं, ते मिथिलीन ब्लू हा निळा रंग दिसतंय. रंग गेला म्हणजे रेणू पुरता मोडला असं नव्हे. रंग पावडरीला चिकटूनही बसतो. आणि जंतू मेले का, हे तर कुणी तपासलेलंच नाही.

क्षारांचं तर बोलूच नका. सोडियम, कॅल्शियम, क्लोराइड यांत उजेडानं मोडण्यासारखं आहे काय? वाळवा-मिरजेच्या क्षारपड पट्ट्यातल्या माणसानं तरी हे पुढे ढकलू नये.

राहिला हायड्रोजन. २०२१ मध्ये जपानच्या काझुनारी डोमेन यांच्या गटानं ‘नेचर’मध्ये १०० चौरस मीटर पॅनेलांचा प्रयोग मांडला. सौरऊर्जेचं हायड्रोजनमध्ये रूपांतर जास्तीत जास्त ०.७६ टक्के, आणि तो उत्प्रेरकही अतिनील प्रकाशावर चालणारा. शिवाय हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिसळूनच, म्हणजे स्फोटक मिश्रण होऊनच, बाहेर पडतात, ते वेगळे करायला त्यांना खास पडदा लावावा लागला. मेसेजवाल्यानं पडद्याचं नाव घेतलेलं नाही. तो थेट काडी ओढायला सांगतोय.