काकी, लिंबू सरबताला ठेव

कणकवलीकडच्या आमच्या गावात सध्या वाटण्यांची भांडणं जोरात आहेत. त्यातच ‘जुना दस्त खरा की खोटा, घरबसल्या ओळखा’ असा एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचं म्हणणं असं: खरी जुनी शाई लिंबू लावलं तरी हलत नाही, कागद पिवळा म्हणजे जुनाच, नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली चमकला तर खोटा, १९७५ आधीच्या दस्तावर बॉलपेन दिसलं तर खोटा, आणि कोर्टात मागणी केली की लॅब शाईची तारीखच काढून देते.

हे सगळं आमच्या काकीपर्यंत पोचलं आणि तिने १९३८ सालच्या वाटणीपत्रावर कापसाच्या बोळ्याने लिंबू फिरवलं. चतुःसीमेत ‘पूर्वेस व्हाळ’, म्हणजे ओढा, असं लिहिलेलं होतं. आता ‘पूर्वेस’ आहे आणि पुढे एक फिकट डाग. व्हाळाच्या पलीकडे काजूची कलमं आहेत आणि सगळं भांडण त्यांचंच आहे. मी फोनवर ओरडलो तर म्हणते, “अरे, मेसेजात तसांच लिवलेलां मां!”

तर आधी लिंबू. त्या काळची दस्तांची निळी-काळी शाई म्हणजे हिराकस (लोहाचा क्षार) आणि हिरडा-मायफळासारख्यांतलं टॅनिन यांचा खेळ. लिहिताना फिकी, मग हवेने काळी पडते आणि कागदात मुरते. पाण्याला ती बऱ्यापैकी दाद देत नाही. पण आंबटाने तिच्यातलं लोह सुटतं. कपड्यावरचे शाईचे डाग आपल्या आज्या लिंबू-मीठ लावून काढायच्या, ते कशामुळे? म्हणजे लिंबाने उडाली ती शाई खोटी नव्हे, उलट अस्सल जुनीही असू शकते. त्याहून जुने मोडी कागद बोरूने, काजळ-डिंकाच्या शाईने लिहिलेले. ते ओल्या बोटानेही फरफटतील. आणि काल दुकानातून आणलेलं पिगमेंटवालं जेल पेन? त्यावर लिंबाचं अख्खं झाड पिळा, हलणार नाही. या चाचणीत पणजोबा खोटे ठरतात आणि कालचा बनावट कागद पास होतो.

लॅबवाले असलं काही करत नाहीत. ते आधी कागदाला हात न लावता बघतात: तिरका उजेड, अतिनील (तोच जांभळा दिवा), मग अवरक्त (इन्फ्रारेड). डोळ्यांना सारख्याच काळ्या दिसणाऱ्या दोन शायांपैकी एक अवरक्तात गायब होते, दुसरी तशीच राहते. ‘१’ चा ‘४’ केलेला तिथे पकडला जातो. अगदीच गरज पडली तर टाचणीच्या टोकाएवढा नमुना काढून शाईतले रंग वेगळे करून बघतात. काकीच्या कागदावर आता त्या जागी नमुन्यात लिंबूही येणार. एकच आशा आहे. पुसलेल्या जागी लोह शिल्लक असेल, तर अतिनील दिव्याखाली ‘व्हाळ’ अजून वाचता येईल.

पिवळ्या कागदाबद्दल काय बोलायचं? चुलीवरच्या माळ्यात ठेवलेला कागद आणि आपला पावसाळा. माझं बारावीचं मार्कशीट आणून दाखवतो, पेशवेकालीन वाटेल. बॉलपेनचंही तेच. बॉलपेन काढणाऱ्या बिरोचं पेटंट १९३८ चं, १९४५ मध्ये अमेरिकेत ही पेनं दुकानात विकली जात होती. १९७५ कुठून आणलं ते मेसेजवाल्यालाच ठाऊक.

जांभळ्या दिव्यात मात्र तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमकद्रव्यं साधारण १९५० नंतरची. १९८३ मध्ये जर्मनीत हिटलरच्या म्हणून छापलेल्या डायऱ्या खोट्या ठरल्या त्या याच्यामुळेही. लिहिणाऱ्याने पानं जुनी दिसावीत म्हणून चहा ओतला होता, पण कागदातलं चमकद्रव्य त्याने बाहेर येईना. तरीही, चमकला नाही म्हणून खरा, असं उलटं होत नाही. तसलं द्रव्य नसलेला कागद आजही मिळतो. शिवाय साबण पावडरीतही असलीच द्रव्यं असतात, आणि आपण दस्त गुंडाळतो कशात? धुतलेल्या पंच्यात!

आता तारखेचं, कारण याच्यापायी लोक वकिलाची फी आणि वर्षं घालवतात. २०१० मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे चेकच्या खटल्यात हाच प्रश्न आला होता. तिथल्या फॉरेन्सिक खात्याच्या अधिकाऱ्यानेच येऊन सांगितलं की लिखाण किती जुनं हे ठरवायची शास्त्रीय पद्धत आमच्याकडे नाही. अंदाजे काळासाठी त्याने मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं नाव घेतलं. पण न्यायालयाचा मुद्दा साधा होता: शाईचं वय कळलं तरी पाच वर्षांपूर्वी तयार झालेल्या शाईने माणूस आज लिहू शकतो. मग तारीख कसली काढणार? बॉलपेनच्या शाईतला द्रावक उडत जातो, त्यावरून परदेशात अंदाज बांधतात, पण तो बहुतेक पहिल्या दोनेक वर्षांपुरता. १९३८ च्या कागदाला त्याचा काय उपयोग?

त्यापेक्षा दस्त वाचा. ‘जिल्हा सिंधुदुर्ग’ असं लिहिलेला १९७२ चा कागद दिसला तर दिवा लावायचीही गरज नाही, जिल्हा १ मे १९८१ ला झाला. स्टॅम्पवर आणे आहेत की नवे पैसे? नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासूनचे. पाठीमागे स्टॅम्प व्हेंडरची नोंद आहे का? आणि तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला तर तो खरा असल्याचं न्यायालय गृहीत धरू शकतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ९०, आता साक्ष्य अधिनियमाचं ९२. काकीचा कागद त्यात बसत होता. आता आधी डागाचा खुलासा द्यावा लागेल.

पाठीमागच्या नोंदणी क्रमांकापर्यंत लिंबू पोचलं नाही, एवढं नशीब. त्यावरून दुय्यम निबंधकाकडे नकलेचा अर्ज टाकतोय. धाकट्या चुलतभावाने मध्येच “लॅमिनेशन करून टाकू” असं काढलं. त्याला सांगितलंय, गरम प्लॅस्टिक एकदा चिकटलं की ते धड सोडवणं लॅबलाही फार कठीण. दोन कोऱ्या कागदांत ठेव आणि पेटीला कुलूप लाव. किल्ली काकीकडे नको.