‘१०८ आहे ना!’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: तालुक्यातली वीस-तीस खाटांची हॉस्पिटलं, सरकारी असोत की खासगी, बंद पडत असतील तर पडू द्या. १०८ ला फोन केला की गाडी येते, रस्ते चौपदरी झालेत, तिन्ही जिल्ह्यांत मेडिकल कॉलेज आहे. छोट्या हॉस्पिटलात तसाही डॉक्टर नसतो. अमेरिकेतसुद्धा असली हॉस्पिटलं बंदच करतात. आणि पाच लाखांपर्यंत मोफत उपचाराचं सरकारी कार्ड आहेच की! शेवटी सल्ला: भावनेत वाहू नका, गणित बघा.

गणितच बघू.

‘१०८ आहे ना’

आहे, आणि तिने पुष्कळ जीव वाचवलेत. २०१४ च्या प्रजासत्ताक दिनी ही सेवा सुरू झाली तेव्हा अख्ख्या राज्याला मिळून ९३७ गाड्या होत्या: २३३ ॲडव्हान्स आणि ७०४ बेसिक. २०११ च्या जनगणनेतली सव्वाअकरा कोटी लोकसंख्या धरली, तर एका गाडीमागे साधारण एक लाख वीस हजार माणसं येतात. तालुक्याच्या वाट्याला दोन-तीन गाड्या.

आता नंदुरबार जिल्ह्यातलं, अक्राणी तालुक्याचं ठिकाण असलेलं धडगाव घ्या. तिथलं ग्रामीण रुग्णालय उद्या नसलंच असं धरा. नंदुरबार ऐंशीएक किलोमीटर, त्यात सातपुड्याचा घाट. पेशंट घेऊन निघालेल्या गाडीला जायला दोन-अडीच तास. तिथं कॅज्युअल्टीत स्ट्रेचर मोकळं व्हायला, कागद व्हायला अर्धा तास. परत यायला पुन्हा तेवढेच. म्हणजे पाच तास ती गाडी तालुक्यात नाही. तोच पेशंट धडगावात उतरवता आला, तर गाडी थोड्या वेळात पुढच्या कॉलला मोकळी होते. या पाच तासांत अक्राणीच्या एखाद्या पाड्यावर बाई अडली, तर कॉल सेंटरवाला शहाद्याची गाडी पाठवणार. मग शहादा उघडा पडणार.

मेसेज लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय की हॉस्पिटल गेलं तरी गाडी शिल्लक राहते. प्रत्यक्षात जवळचं हॉस्पिटल गेलं की होती ती गाडीही अर्ध्यावर येते. त्यासाठी गाडी बिघडायला नको, ड्रायव्हर संपावर जायला नको. नुसतं अंतर वाढलं की पुरे.

‘रस्ते चौपदरी झालेत’

झालेत की. सुरत–नागपूर बराचसा झाला, मुंबई–आग्रा आधीच होता. पण हे दोन्ही धावतात बहुतेक सपाटीवरून, आणि अडचण आहे ती हायवेला लागेपर्यंतच्या वाटेची. चांदसैलीच्या घाटात पावसाळ्यात दरड येते. नर्मदाकाठच्या काही गावांना सरदार सरोवराच्या फुगवट्यातून बोटीनेच जावं लागतं. म्हणून तर तिथं तरंगता दवाखाना आणि बोट ॲम्ब्युलन्स ठेवावी लागली. डोंगरातल्या कित्येक पाड्यांवरून पेशंट आजही बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली येतो. झोळी खाली आल्यावर मोजायला लागलात तर रस्ता चांगलाच दिसणार.

शिवाय हायवे पेशंट पोहोचवतो तसे पेशंट तयारही करतो. जुलै २०२३ मध्ये शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ ब्रेक फेल झालेला कंटेनर गाड्यांना उडवत हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. जखमींना नेलं ते शिरपूरला आणि धुळ्याला. मधलं शिरपूर काढून टाका आणि रक्त वाहत असलेला माणूस आणखी पन्नास-पंचावन्न किलोमीटर पुढे न्या. मग रस्त्याला किती पदर आहेत याने फारसा फरक पडत नाही.

‘जिल्ह्याला मेडिकल कॉलेज आहे, सगळं तिथंच करा’

यातला अर्धा भाग मला मान्य आहे. बायपास, मेंदूची शस्त्रक्रिया, कॅन्सर या गोष्टी तालुक्याला करायचा हट्ट धरू नये. जिथं असे पेशंट रोज येतात तिथंच हात बसलेला असतो.

पण इमर्जन्सी वेगळी. तिच्यात पेशंट बरा करण्याआधी त्याला पुढच्या हॉस्पिटलपर्यंत जिवंत ठेवायचं असतं, आणि त्याला लागणारं सामान फार भारी नसतं. मण्यारचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे पावसाळ्यात ते घरोघरी माहीत आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, कित्येकदा दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखतं म्हणून माणूस उठतो. घरचे ओवा-सोडा देतात. मग पापण्या जड होतात, थुंकी गिळता येत नाही, बोलणं जड येतं, आणि थोड्या वेळात श्वासाचे स्नायूच थांबतात. या माणसाला लागतं काय? सापाच्या विषावरची लस, पहिल्या डोसात आठ-दहा व्हायल, सलाईनमधून तासाभरात. आणि श्वास थांबला तर तोंडावर मास्क लावून अंबू बॅग, म्हणजे श्वास भरायची रबरी पिशवी, दाबणारे दोन हात. तीस खाटांच्या रुग्णालयात हे होतं. घोणस चावली असेल तर रक्त गोठतंय का हे बघायला लॅबही लागत नाही. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग तिरकं करून बघायचं. वाहिलं तर विष चढलंय.

विंचवाचं तर महाराष्ट्रानेच जगाला दाखवलं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनच्या गोळीचं काम केलं ते कोकणात, महाडकडच्या ग्रामीण भागात. मुंबईच्या आयसीयूची वाट बघत बसले असते तर पेशंट वाटेतच गेले असते.

उष्माघाताचा नियम तर मेसेजच्या बरोबर उलटा आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. केळीच्या बागेत किंवा बांधकामावर माणूस कोसळला आणि बडबडायला लागला, तर आधी त्याला थंड करायचं आणि मगच हलवायचं. पाणी, बर्फ, पंखा, तेही पहिल्या अर्ध्या तासात. रावेरचा असा पेशंट तसाच तापलेला जळगावच्या गेटवर पोहोचला, तर मेडिकल कॉलेजातले प्रोफेसरही फार काही करू शकत नाहीत. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, सलाईन आणि रक्ताची पिशवी त्या दोन तासांच्या आत हवी. हार्ट ॲटॅकला ईसीजी काढून गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन तालुक्यालाच देता येतं, ॲन्जिओग्राफी मग पुढे.

आणि सगळे एकाच दारात लोटले तर त्या दाराचं काय होतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या एका निकालात वाचायला मिळतं. पश्चिम बंगालमधला एक मजूर रेल्वेतून पडला. जवळच्या आरोग्य केंद्रात सोय नव्हती, म्हणून पुढे पाठवला. कलकत्त्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत लावलं. बहुतेक ठिकाणी कारण एकच, खाट नाही. न्यायालयाने तातडीचा उपचार हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि पैसे नाहीत ही सरकारची सबब ऐकली नाही. कलकत्ता, बरं का. पाडा नव्हे.

‘तिथं डॉक्टरच नसतो’

मेसेजमधलं हे एकच वाक्य अनुभवातून आलेलं आहे, म्हणून ते सगळ्यात जास्त पटतं. रात्री अकराला गेटवरच उत्तर मिळतं: “आठे काही नही भाऊ, जयगावले लई जा.” (इथं काही नाही, जळगावला घेऊन जा.) आत एक सिस्टर, एक शिपाई, आणि भूलतज्ज्ञाची जागा रिकामी म्हणून ऑपरेशन थिएटरला कुलूप. लोक चिडतात, आणि चिडणं बरोबरच आहे.

पण ही कुलुपं लागली कशी ते बघा. आधी भूलतज्ज्ञाची जागा भरत नाही. म्हणून सिझर बंद. सिझर बंद म्हणून गरोदर बाया पहिल्यापासूनच पुढे जातात. मग वर्षाच्या अहवालात बाळंतपणं कमी दिसतात, खाटा रिकाम्या दिसतात, आणि मीटिंगमध्ये साहेब विचारतात, रुग्णच येत नाहीत तर पदं कशाला? रिकाम्या खाटांचा आकडा अशा पद्धतीने तयार होतो आणि तोच बंद करायचा पुरावा म्हणून फिरतो.

खासगीचंही वेगळं नाही. वडिलांनी तालुक्याला दहा खाटांचं नर्सिंग होम काढलं, रात्री-बेरात्री उठून चाळीस वर्षं चालवलं. मुलगा सुपरस्पेशालिस्ट होऊन नाशिकला. फायर ऑडिटचा खर्च आला, रात्रपाळीला नर्स मिळेना, एकदा नातेवाइकांनी काचा फोडल्या. पुढच्या दिवाळीला बोर्ड उतरला. त्या इमारतीत आता मोबाइलचं शोरूम असतं. यात कुणी खलनायक नाही, पण रात्री दोनला दार वाजवायची एक जागा गेली.

सरकारचे स्वतःचे निकष सांगतात की तीस खाटांचं रुग्णालय सपाटीवर एक लाख वीस हजार लोकांमागे एक हवं आणि आदिवासी, डोंगरी भागात ऐंशी हजारांमागे एक. डॉक्टर नाही यावरचा उपाय डॉक्टर भरणं हा आहे. वायरमन नाही म्हणून कुणी गावची डीपी उचलून नेत नाही.

‘अमेरिकेतही बंद करतात’

करतात, आणि त्याचं काय झालं हे त्यांनी मोजूनही ठेवलंय. कॅलिफोर्नियातल्या १९९५ ते २०११ या काळातल्या बंद हॉस्पिटलांचा गुजराल आणि बासू या अभ्यासकांनी २०१९ मध्ये हिशोब मांडला. हार्ट ॲटॅक, पक्षाघात, सेप्सिस (अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग) अशा, वेळेवर उपचार लागणाऱ्या आजारांत ग्रामीण हॉस्पिटल बंद झाल्यावर दाखल पेशंटांचे मृत्यू ५.९ टक्क्यांनी वाढले. शहरातलं बंद झालं तर मोजण्याइतका फरक पडला नाही, कारण दुसरं जवळ होतं. म्हणजे मुंबईत एखादं हॉस्पिटल मिटणं आणि सातपुड्यातल्या मोलगीतलं मिटणं एक नाही.

पुढचं मेसेजवाल्याने वाचलेलं दिसत नाही. जानेवारी २०२३ पासून तिथं एक नवा प्रकार आला: ग्रामीण हॉस्पिटलने हवं तर भरतीच्या खाटा काढाव्यात, पण इमर्जन्सी चोवीस तास चालू ठेवायची, आणि त्यासाठी केंद्र सरकार दर महिन्याला ठरावीक रक्कम देतं. रुग्ण किती आले ते न बघता. अमेरिकेचा दाखला द्यायचाच असेल तर हा पण द्या.

‘पाच लाखांचं कार्ड आहे’

हे महात्मा फुले योजनेचं कार्ड अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात चालतं. तिथं आरोग्यमित्र बसतो, कागद बघतो, मंजुरी येते. आजार निवडून, तारीख ठरवून करायच्या ऑपरेशनला ही योजना मोठा आधार आहे. पण तालुक्यात अंगीकृत रुग्णालयच उरलं नाही, तर घाटात दम लागलेल्या माणसाच्या खिशातलं ते कार्ड नंदुरबारला पोहोचेपर्यंत नुसतं कार्ड आहे.