इटालियनला हळद लागली

"मी इटालियन क्लासिक कार घेतोय," असं मी रात्री जेवताना जाहीर केलं तेव्हा बायकोने वाढायचं थांबवलं नाही. तिने फक्त विचारलं, "कितीला?" पंचावन्न हजार म्हटल्यावर मात्र डाव आमटीतच राहिला. पंचावन्न हजारांत इटालियन काय येतं याचा तिने जरा वेळ हिशोब केला आणि म्हणाली, "फियाट ना? सरळ सांग की."

फियाटच. पण कूळ सांगायला नको? म्हणून मी एखादं स्थळ सांगावं तसा सुरू झालो. मूळ घराणं तुरीनचं. फियाट 1100 ची ही पिढी 1953 साली जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये पहिल्यांदा चारचौघांत आली. मग परवान्यावर आपल्या कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनू लागली. सुरुवातीचा गोलमटोल अवतार, ज्याचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, त्याला आपल्या लोकांनी लाडाने 'डुक्कर फियाट' म्हटलं. 1964 मध्ये 'डिलाइट' आली आणि 1974 पासून तिचंच नाव 'पद्मिनी' झालं. इटलीतल्या 1100 डी ला 1221 सीसीचं इंजिन होतं, आपल्या गाडीला 1089 सीसीचं. मधले 132 सीसी बहुधा येताना समुद्रात पडले. इटलीने 1969 मध्ये ही 1100 बंद केली, तरी कुर्ल्याला ती पुढे तीसेक वर्षं बनतच होती.

"म्हणजे टॅक्सी," बायको म्हणाली.

"टॅक्सी नव्हे. प्रायव्हेट. 1976 ची. एकाच हातातली."

तो हात होता आमच्या पेठेतल्या एका आजोबांचा. गाडी मी पहिल्यांदा पाहिली ती एप्रिल 2023 मध्ये. वाड्याच्या मागे पत्र्याच्या शेडखाली उभी होती आणि बॉनेटवर जुनं धोतर पसरून त्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. आजोबांनी चाळीस हजार सांगितले. मी म्हटलं, विचार करून सांगतो. विचार करण्यात माझा हात कोणी धरत नाही. ऑक्टोबर उजाडला. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदवली गेली होती 29 ऑक्टोबर 2003 रोजी. त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावरून काळीपिवळी पद्मिनी संपली. सगळ्या पेपरांत फोटो, सगळ्या ग्रुपांवर उसासे. दुसऱ्या दिवशी मी धावत वाड्यात गेलो, तर आजोबांच्या मांडीवर तोच पेपर. "सत्तर," ते म्हणाले. पंचावन्नावर तुटलं. त्यातही "मी विकत नाहीये, तुमच्या स्वाधीन करतोय" हे वाक्य मला तीनदा ऐकावं लागलं, आणि याच गाडीतून ते सात जण पंढरपूरला जाऊन आले होते ही हकीकतही.

हा सात आकडा लक्षात ठेवा.

जुनी गाडी घेताना पत्रा चुंबकाने तपासावा, म्हणजे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) कुठे भरली आहे ते कळतं, एवढं मी वाचून गेलो होतो. चुंबक म्हणून फ्रिजवरचा गणपतीपुळ्याचा गणपती नेला होता. दरवाजाला लावला. गणपती हळूच खाली सरकला आणि माझ्या चपलेवर पडला. मडगार्डला लावला, तिथूनही पडला. मला वाटलं, चुंबक म्हातारा झाला. आजोबांना वाटलं, हवा दमट आहे. शेवटी टपावर ठेवला तर गणपती असा घट्ट बसला की निघेना. तेव्हा आम्ही दोघांनीही हा शुभशकुन मानला. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच होता की गाडीत टप लोखंडाचा होता आणि बाकी सगळी लांबी.

ब्रेक चाकांना धरून बसले होते, त्यामुळे गाडी ओढूनही येईना. टेम्पोत चढवावी लागली. टेम्पोवाल्याने दोर बांधता बांधता सांगितलं, त्याच्या मामाकडे हीच होती, फिकट निळी, आणि तिच्यातून ते नऊ जण जेजुरीला गेले होते.

मिस्त्रींनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, चटईचा कोपरा उचलला आणि मला बोलावलं. चटईखाली जिथे जमीन असायला हवी, तिथे जमीनच होती. गॅरेजची. "पाय ठेवताना जरा जपून," एवढंच ते म्हणाले. खर्च किती येईल विचारलं तर म्हणाले, "उघडल्याशिवाय कसं सांगू साहेब?"

आणि मग त्यांनी उघडलं. मेकॅनिक लोकांत एक वाक्प्रचार आहे: काम निघणं. काम कोणी काढत नाही, ते आपसूक निघतं, विहिरीला पाणी लागावं तसं. ब्रेकचं मास्टर सिलिंडर उघडलं, काम निघालं. ते करताना चाकांची सिलिंडरं बघितली, तिथे चार कामं निघाली. पेट्रोलची टाकी उतरवली तर आत गंजाचा खच. तिच्यात बारीक खडी आणि सायकलची चेन घालून दोन पोरांनी ती अर्धा दिवस हलवली. गॅरेजमध्ये भजनी मंडळ बसल्यासारखा आवाज होता. वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं, आणि जे खाल्लं नव्हतं ते त्यांना आवडलं नसावं इतकं वाईट होतं. मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये उंदरांचं घरटं निघालं. त्यात काथ्या, पेपरचे कपटे आणि एक आख्खी कुरडई.

रोज संध्याकाळी साडेसहाला मिस्त्रींचा फोन यायचा. "साहेब, काम निघालं." मी खर्चाची वही घातली. वहीत दोन आकडे असायचे, एक खरा आणि एक बायकोला सांगायचा. खऱ्याने लाखाची वेस ओलांडली तेव्हा दुसरा अठ्ठावीस हजारांवर होता. मग वही गॅरेजमध्येच ठेवू लागलो.

सगळ्यात मोठं दुखणं गिअरचं. या गाडीचा गिअर खाली नसतो, स्टीअरिंगच्या दांड्याला असतो. तिथून सळ्यासांध्यांची एक वरात खाली गिअरबॉक्सपर्यंत जाते, आणि त्या सांध्यांतले बुश झिजले की दांडा एक बोलतो आणि गिअरबॉक्स दुसरंच ऐकतो. आमटीत डाव फिरवून शेवग्याची शेंग शोधावी तसा तिसरा गिअर शोधावा लागायचा, आणि सापडला म्हणेपर्यंत सिग्नल लाल. मिस्त्री म्हणाले, "बुश पुण्यात नाही मिळायचे. कुर्ल्याला जा."

म्हणून डेक्कन क्वीनने दादर, लोकलने कुर्ला आणि चालत सीएसटी रोड. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा हा बाजार मी प्रथमच पाहत होतो. दरवाज्यांच्या थप्प्या, आरशांचे घोस, दोरीला ओवून टांगलेले हेडलाइट. ज्या कुर्ल्यात या गाड्या जन्मल्या, तिथेच त्यांचे अवयव रस्त्याकडेला मांडलेले. मला जरा भरून आलं. दुकानदाराला नाही आलं. त्याने "टॅक्सी का चलेगा?" असं विचारून उत्तराची वाट न पाहता डब्यात हात घातला आणि शेंगदाणे द्यावेत तसे मूठभर बुश काढून दिले. वर एक वॉटर पंप गळ्यात मारला. परतीच्या गाडीत मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो पंप होता. त्याचं काळं तेल पाझरत पँटवर उतरलं. समोरच्या बाईंनी आपल्या मुलीला खिडकीकडे सरकवून घेतलं. मग त्यांच्या यजमानांनी विचारलं, "फियाटचा का हो?" लोणावळ्यापर्यंत त्यांच्या फियाटमध्ये दहा माणसं भरून झाली होती.

जानेवारीत गाडी सोसायटीत आली. आल्या आल्या तिने पार्किंगमध्ये तेलाचा डाग पाडला, साधारण श्रीलंकेच्या आकाराचा. सकाळी सेक्रेटरी नोटीस घेऊन खाली उतरले. "हे चालणार नाही," ते म्हणाले, आणि मग त्यांचा हात नकळत मडगार्डवर गेला. "आमच्याकडे होती. क्रीम कलर. अकरा जण महाबळेश्वरला गेलो होतो, पसरणी घाटात फक्त दोनदा उकळली." नोटीस त्यांनी घडी घालून खिशात ठेवली. पण डागाचे पाचशे घेतलेच.

तोवर मला एक गोष्ट कळून चुकली होती. गाडी माझ्या नावावर असली तरी तिच्यात माझी एकही आठवण नव्हती. आमच्या घरी स्कूटर होती. रस्त्यात गाडी बंद पडली की जमणाऱ्या प्रत्येकाला चोक किती ओढायचा ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायचं. अनोळखी माणूस बेधडक बॉनेट उघडायचा, खिशातला पॉलिश पेपर काढायचा (लोक खिशात पॉलिश पेपर घेऊन हिंडतात हे मला माहीत नव्हतं), डिस्ट्रिब्यूटरचं टोपण काढून पॉइंट घासून द्यायचा, आणि "लागली की नाही?" असं विचारून डोळे पुसत निघून जायचा. डोळे बहुतेक धुरामुळे.

मग राहिलं आरटीओ. माझ्या गाडीचं वय म्हणजे मुलगी घोड्यावर बसायला लहान आणि पाळण्यात बसायला मोठी. व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांचा नंबर घ्यायचा तर पन्नास वर्षं पूर्ण लागतात आणि वीस हजार फी. हिची तेव्हा अठ्ठेचाळीस. शिवाय व्हिंटेज गाडी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शनाला वगैरे न्यायची. रोज फिरवण्याच्या भानगडीत तसा मी पडतच नव्हतो, गाडीही पडत नव्हती. तर साधी फेरनोंदणी. तिची फी एप्रिल 2022 मध्ये सहाशेवरून पाच हजार झालेली, वर पर्यावरण कर. आमच्या गाडीचा धूर बघता तो कर अगदी रास्त होता.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी रेडिएटर गळायला लागला. मिस्त्रींना फोन केला. ते लग्नाला बारामतीत. "घरात हळद आहे?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, मला कुठे लागलंय का ते विचारतायत. "दोन चमचे रेडिएटरमध्ये टाका. बारीक चीर असेल तर धरून ठेवते."

मी स्वयंपाकघरातून डबाच नेला. दोन चमच्यांनी धरलं नाही म्हणून आणखी चार टाकले. इंजिन गरम झालं, पाणी फिरलं, आणि हळूहळू पार्किंगभर उकळत्या वरणाचा वास सुटला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "आज कोणाकडे जेवण आहे का?" खाली वाकून पाहिलं. पिवळ्या थेंबांची धार मंदावली, मग थेंब, मग तेही थांबले. एवढ्यात टाकीचा एक जोड पाझरताना दिसला. त्याला ओला साबण घासून लावला, हेही मिस्त्रींचंच शास्त्र. बायको खाली आली, तिने रिकामा डबा, अर्धी साबणाची वडी आणि माझ्याकडे पाहिलं. "हळद लावून झाली. अंघोळ घालून झाली. आता लग्न लावून दे हिचं आणि मोकळा हो."

एप्रिलचं ऊन. इंजिनावरचा पेट्रोल पंप तापला की आत वाफ धरते आणि गाडी बसते, म्हणून पंपावर ओलं फडकं ठेवून निघालो, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावं तसं. दर दोन सिग्नलला फडकं भिजवत अकराला रांगेत लागलो. इन्स्पेक्टरसाहेब आले, कागद पाहिले, गाडी पाहिली, चष्मा काढला.

"आमची वरात हिच्यातूनच निघाली होती," ते म्हणाले. "तेरा माणसं. आणि एक ताशेवाला."

मी सुटलो असं वाटलं. त्यांनी स्टीअरिंगवर हात फिरवला, दांड्याचा गिअर प्रेमाने वरखाली केला, दरवाजा लावून त्याचा आवाज ऐकला, बॉनेट उघडून नाक पुढे केलं आणि म्हणाले, "हळद?" मी मान हलवली. "आम्हीपण घालायचो." मग लाइट. लागले. ब्रेक. लागले. "हॉर्न वाजवा."

मी हॉर्न दाबला. वायपर हलला.

पुन्हा दाबला. वायपर पुन्हा हलला, या वेळी दोन्ही. साहेब पोट धरून हसले, रांगेतले सगळे हसले. मी वायपरचं बटण दाबून पाहिलं, की निदान उलट बाजूने तरी हॉर्न वाजेल, पण उंदरांनी तितका न्याय ठेवला नव्हता. साहेबांनी डोळे पुसले, पेन काढलं आणि फॉर्मवर लिहिलं: हॉर्न नाही. पुन्हा हजर करावी.

आणि गाडी सुरू होईना. साहेब म्हणाले, "उतरू नका, बसा तुम्ही, दुसऱ्यात टाका." रांगेतले पाच जण आणि सहावे स्वतः साहेब मागे लागले. लोकांच्या आठवणींत जिच्यात तेरा तेरा माणसं मावली, त्या गाडीत मी एकटा बसलो होतो आणि बाकी सगळे बाहेरून ढकलत होते. मी आमटी ढवळली, दुसरा शोधला, क्लच सोडला. गाडीने एक मोठा हुंदका दिला आणि लागली. मागे टाळ्या पडल्या. थांबून आभार मानावेत तर ती परत बंद पडली असती, म्हणून खिडकीतून नुसता हात हलवत गेटबाहेर पडलो.

घराजवळच्या चौकात बायकोचा फोन आला.

"झाली पास?"

"हॉर्न राहिला. पुन्हा जायचंय."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "येताना हळद घेऊन ये. भाजी फोडणीत आहे."