पाल्यास योग्य

सईच्या शाळेने दिवाळीच्या सुट्टीत प्रकल्प दिला : ‘देशोदेशीची खाद्यसंस्कृती’. देश चिठ्ठ्या टाकून वाटले. वर्गात ज्याला इटली मिळाली त्याच्या घरी पिझ्झा मागवला, विषय संपला. आमच्या नशिबी आइसलँड. सोबत एक छापील फॉर्म. मुलांनी आपापल्या देशावरचा एक व्हिडिओ पाहायचा, पण त्याआधी पालकांनी तो ‘संपूर्ण’ पाहून भाषा, हिंसा, व्यसन, स्वच्छता असे रकाने भरायचे, सांस्कृतिक मूल्याला दहापैकी गुण द्यायचे आणि ‘सदर व्हिडिओ पाल्यास योग्य आहे’ याखाली सही करायची. सिनेमाला प्रमाणपत्र द्यायला सरकारने मुंबईत अख्खं मंडळ बसवलंय. कोथरूडमध्ये ते काम माझ्या एकट्याकडे, रात्रीची भांडी लावून झाल्यावर.

“अरे, मुलांचं वेगळं अ‍ॅप असतं की,” बायको म्हणाली आणि झोपायला गेली.

असतं. यूट्यूब किड्समध्ये वयाप्रमाणे वर्ग पाडलेत : ४ वर्षांपर्यंत, ५ ते ८, ९ ते १२. सई नऊची, म्हणजे तिथली ज्येष्ठ नागरिकच. मी आइसलँडचा शार्क शोधला, तर शार्कच्या सहकुटुंब सहपरिवाराचं ते गाणं लागलं. साध्या यूट्यूबवर आलो. तिथे काही व्हिडिओ ‘मुलांसाठी बनवलेले’ म्हणून वेगळे काढलेले असतात. मला वाटलं, कुणीतरी शहाण्या माणसाने बसून पारखले असतील. छे! ते बहुतेक वेळा बनवणाराच स्वतः ठरवतो. २०१९ मध्ये मुलांची माहिती गोळा केल्यावरून अमेरिकेत यूट्यूब आणि गूगलला १७ कोटी डॉलर भरावे लागले, त्यानंतर ही व्यवस्था आली. अशा व्हिडिओखाली कमेंट बंद असतात, मुलांवर नेम धरून जाहिराती दाखवता येत नाहीत. व्हिडिओ चांगला की वाईट, याच्याशी त्या शिक्क्याचा संबंध नाही. भाजीवाल्याने “घ्या साहेब, गोड आहे” म्हणण्याइतकंच ते प्रमाणपत्र.

मग मी पाहत सुटलो. परक्या देशाचं खाणं दाखवणारे लोक मुख्यतः दोन जातींचे. एक जात कमी बोलते आणि बादलीभर खाते. ताटात माणूसभर उंचीचा ढीग, कानाशी माइक, मचमच आवाज. हा प्रकार कोरियातून जगभर गेला. चीनने तर २०२१ मध्ये अन्नाच्या नासाडीविरुद्ध कायदाच केला आणि असे व्हिडिओ दाखवणाऱ्यांना एक लाख युआनपर्यंत दंड ठेवला. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बरं केलं. आमच्याकडे यायला काय घेतील?”

सासूबाई दिवाळीला आल्या होत्या आणि त्यांना झोप कमी. दुसऱ्या रात्रीपासून परीक्षक मंडळ दोघांचं झालं.

दुसरी जात जास्त बोलते. तिचा प्रतिनिधी आम्ही शेवटी निवडलेल्या व्हिडिओत होता. आइसलँडचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे ग्रीनलँड शार्क. त्याचं ताजं मांस विषारी असतं, म्हणून ते पूर्वी खडीत पुरून, वर दगड ठेवून त्यातलं पाणी काढत, मग काही महिने हवेत टांगत. वास अमोनियाचा. माझा चेहरा पाहून सासूबाई म्हणाल्या, “एवढं काय त्यात? सुकट घरात आणली की तुमच्या सोसायटीचा सेक्रेटरी असंच तोंड करतो.” त्या अलिबागच्या. स्वच्छतेच्या रकान्यात त्यांनीच ‘उत्तम’ लिहायला लावलं.

व्यसनाचा रकाना अवघड गेला. त्या शार्कबरोबर तिथे शहाजिऱ्याच्या वासाची कडक दारू घेण्याची पद्धत आहे. आता ही संस्कृती की व्यसन? मी ठरवलं, ग्लास आला की स्क्रीनवर दोनदा बोट आपटून दहा सेकंद पुढे पळवायचं. तसं केलं, तर थेट निवेदक डोळे फिरवून घास टिश्यूत थुंकताना सापडला. समोर घास भरवणारा तिथला म्हातारा शांत उभा.

“हे नको दाखवू पोरीला,” सासूबाई एकदम म्हणाल्या. नातीचं काही चुकत असलं की त्या मलाही अरे-तुरे करतात. “लोकाच्या घरी जायचं, त्याच्या ताटात जेवायचं आणि तोंडं वेंगाडायची? मेल्याला आईने शिकवलं नाही काही.”

फॉर्ममध्ये याला रकाना नव्हता. भाषा सभ्य होती, रक्त दिसत नव्हतं, हात धुतलेले होते. मी तोंडं वेंगाडणं ‘हिंसा’मध्ये टाकलं.

तरी हाच व्हिडिओ ठेवला, कारण त्यात पुढे राईचा पाव होता. तिथे गरम पाण्याच्या झऱ्यांशेजारची जमीन इतकी तापलेली असते की पिठाचं भांडं वाळूत पुरलं की चोवीस तासांत आपोआप पाव तयार. “पोपटी! आमच्याकडे मडक्यात शेंगा भाजतात, तशीच!” सासूबाई ओरडल्या, आणि मग मडकं, वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला यावर मला एक व्हिडिओभर ऐकून घ्यावं लागलं. सांस्कृतिक मूल्य दहापैकी नऊ. एक गुण भांबुर्डी नव्हती म्हणून कापला.

रविवारी सईला दाखवला. दारू आली, मी पळवलं. “बाबा, काय पळवलंस?” थुंकणं आलं, मी थांबवून पाहुण्याच्या रीतीभातींवर बोललो. तिचं लक्षच नव्हतं. ती टांगलेल्या शार्ककडे बघत होती.

“हा किती वर्षांचा असेल?”

मी प्रकल्पाच्या जोशात वाचून ठेवलं होतं, ते सांगून बसलो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी अंदाज काढला, ग्रीनलँड शार्क किमान २७२ वर्षं जगू शकतो. त्यांनी तपासलेल्यांतली सर्वांत मोठी मादी तर ३९२ वर्षांची असावी, शे-सव्वाशे वर्षं इकडेतिकडे.

सईने हिशेब केला. नुकतीच शाळेची सहल शनिवारवाड्याला गेली होती, १७३२ तिला पाठ होतं. “म्हणजे वाडा बांधत होते तेव्हा यातला एखादा शार्क लहान होता?”

“असू शकेल.”

“आणि त्याला कापून टूथपिकने खाल्लं?” तिचे डोळे भरले. “वाड्याला हात लावला तर वॉचमन ओरडतो!”

सासूबाई म्हणाल्या, “अगं, सगळेच काही म्हातारे नसतील.” मी तिला स्किर दाखवायला घेतलं, साय काढलेल्या दुधाचा घट्ट, गाळलेला पदार्थ, ज्याला सासूबाई चक्काच म्हणत होत्या. तिने श्रीखंड खाल्लं, पण शार्क सोडला नाही. हिंसेच्या रकान्यातलं माझं लिखाण खोडून तिथे ‘पेशवेकालीन’ एवढंच लिहिलं.

फॉर्मच्या तळाशी ‘पाल्याचा अभिप्राय’ होता. तो मी सोमवारी, दप्तर भरताना वाचला : ‘व्हिडिओ चांगला आहे. आजी मध्ये बोलते ते जास्त चांगलं आहे. बाबांबरोबर पाहू नये.’

त्याखाली माझीच सही हवी होती. केली.