‘जखम उघडी ठेवा, वाळू द्या’: घोट्याजवळच्या जखमेबाबत हा सल्ला का चुकीचा आहे

व्हॉट्सॲपवर एक मजकूर जोरात फिरतो आहे: म्हाताऱ्या माणसांच्या पायाची चिघळलेली जखम उघडी ठेवा, वर हळद भुरभुरा, पट्टी बांधू नका कारण रक्त अडतं, पाय हलवू देऊ नका, आणि तूरडाळ-अंडी बंद करा, पू होतो.

आधी जखम ओळखा. घोट्याच्या आतल्या बाजूला किंवा जरा वर, कडा वेड्यावाकड्या, भोवतालची कातडी काळपट-तपकिरी, संध्याकाळी पाय सुजलेला, अशी जखम बहुतेक वेळा शिरांची असते. शिरांतल्या झडपा निकामी झाल्याने रक्त वर न चढता खाली साचतं आणि दाबाने कातडी फुटते. बोटांवरची, तळव्याची किंवा मधुमेहाची जखम वेगळी. तिला पुढचं लागू करू नका.

‘वाळू द्या.’ नवी कातडी ओल्या पृष्ठभागावर सरकत वाढते. खपली आली की तिला खपलीखालून वाट काढावी लागते. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी जवळपास दुप्पट वेगाने येते. मात्र लस, म्हणजे जखमेतून झिरपणारं पाणी, साचली तर कडा पांढऱ्या पडून कुजतात. म्हणून आत न चिकटणारी जाळी, वर लस शोषणारं पॅड, भोवती व्हॅसलीन किंवा झिंक ऑक्साइड. गॉज चिकटला तर कोमट सलाइनने पाच-दहा मिनिटं भिजवा. ओढून काढलात तर आठवड्याभरात आलेली कातडी त्याच्यासोबत निघते.

‘हळद लावा.’ लसेत हळदीचा लगदा होतो आणि जखमेचा खरा रंगच दिसत नाही. धुवायला पिण्यायोग्य कोमट पाणी पुरतं. या पायांची कातडी चटकन बिथरते. सुगंधी क्रीम आणि निओमायसिन या अँटिबायोटिकची मलमंही टाळा.

‘पट्टीने रक्त अडतं.’ सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच. दाब हाच या जखमेचा मुख्य उपचार आहे. अट एकच: आधी धमन्या तपासायच्या. घोट्याचं रक्तदाबमापन भागिले दंडाचं. उत्तर साधारण 0.8 ते 1.3 आलं तर पूर्ण दाब, म्हणजे घोट्याशी सुमारे 40 मिलिमीटर पारा, देता येतो. 0.5 च्या खाली आलं तर पट्टी नाही, तातडीने रक्तवाहिन्यांचे सर्जन. मधुमेहात धमन्या कडक झाल्या तर आकडा खोटा चढा येतो, म्हणून त्यावर एकट्याने विसंबू नये.

बांधायची पद्धत नर्ससमोर स्वतःच्या हाताने बांधून शिका. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, पाऊल काटकोनात ठेवून, नडगीच्या हाडावर कापूस देऊन, बोटांच्या मुळापासून सुरुवात करायची. टाच झाकायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा, आणि गुडघ्याच्या दोन बोटं खाली थांबायचं. घोट्यापासून सुरू केलं की पाऊल भाकरीसारखं फुगतं. वर जास्त आवळलं की खालून रक्त चढतच नाही. साधं क्रेप बँडेज चालता-बसता सैल पडतं, म्हणून कमी ताणलं जाणारं बँडेज मागा. बोटं निळी, गार किंवा बधिर झाली, कळ वाढली, तर लगेच सोडा.

‘पाय हलवू नका.’ पोटरी हा रक्त वर ढकलणारा पंप आहे. झोपवून ठेवलं की तो बंद, घोटा आखडतो, शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. पट्टी बांधून चालू द्या. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, दहा वेळा, दिवसातून तीनदा. मधेमधे अर्धा तास आडवं होऊन पाय छातीपेक्षा वर. रात्रभर खुर्चीत पाय लोंबकळत झोपणं मात्र थांबवा.

‘डाळ-अंडी बंद.’ लसेवाटे प्रथिनं वाहून जातात, म्हणून उलट ती जास्त लागतात: 60 किलोच्या माणसाला रोज सुमारे 75 ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून.

मजकुरात नसलेली गोष्ट म्हणजे जखमेचा वास. वासाच्या लाजेने आजी देवळात जाणं सोडतात, पाणी कमी पितात, रात्रीचं दुखणं सांगत नाहीत. वासासाठी डॉक्टर मेट्रोनिडाझोल जेल देऊ शकतात. पट्टी बदलण्याआधी अर्धा तास पॅरासिटामॉल देता येतं का, तेही त्यांना विचारा. लाली पसरली, ताप आला किंवा दुखणं अचानक वाढलं, तर त्याच दिवशी दाखवा. तीन महिन्यांत भरली नाही किंवा कडा उंच, गाठीसारख्या झाल्या, तर जखमेचा छोटा तुकडा काढून तपासायला हवा, कारण जुन्या जखमेत कर्करोग क्वचित होतो. भरल्यावरही दाबाचे मोजे सोडायचे नाहीत, आणि साधारण सहा महिन्यांनी नवे घ्यायचे. धुऊन धुऊन त्यांचा दाब उतरतो.